मागाचा गंज, झेंडूच्या माळा आणि विमलच्या कविता

खटाक्-खट, खटाक्-खट. आणि त्या ठोक्यावर वर्गभर पोरांचा एकच आवाज:

धोटा चालला पलीकडे,
सुताचं शेपूट मागे पडे.
धोट्या धोट्या, थांब जरा,
आमचा पाढा होऊ दे पुरा!

भिवंडीतल्या नारपोलीच्या पोस्टात मी तेव्हा पार्सलच्या खिडकीवर होतो. पोस्टाच्या एका भिंतीला प्राथमिक शाळा आणि शाळेच्या पलीकडे यंत्रमागांचा कारखाना. मागांच्या आवाजात बाईंचं शिकवणं ऐकू जाईना, म्हणून तिथल्या एका बाईंनी मागाच्या ठोक्यावरच कविता रचायला घेतल्या. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी, आडवं सूत ओढणारी नळी. पोरांच्या घरोघरी तो असायचाच. मग काय, माग जितका जोरात, तितकी कविता जोरात! मी पार्सलांवर तारखेचे शिक्के त्याच ठोक्यावर मारायचो आणि त्या बाईंचा चेहरा कसा असेल याचा विचार करायचो. पुढे चेहरा पाहिला, नाव कळलं, विमल. त्यानंतर माझं काही खरं नव्हतं. आमचं लग्न झालं.

तर मंडळी, यंदाच्या दसऱ्यानंतर मी एकटाच भिवंडीला जाऊन आलो. भिवंडीला कुणी फिरायला जातं का, असं शेजाऱ्यांनीही विचारलं. मी शाई आणायला गेलो होतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. विमलला दमा आहे. भिवंडीतल्या हवेत उडणारी सुताची बारीक रुई तिला सोसेना, म्हणून मी बदली मागून घेतली आणि आम्ही नाशिकला आलो. रुई सुटली, पण पुढे एकेका वासानं छळायला सुरुवात केली. उदबत्ती गेली, फिनेल गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नव्या छपाईचा वास गेला. वर्तमानपत्र बंद झालं. नवं पुस्तक आणलं की ते आमच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर महिनोन्‌महिने लटकतं, आणि तरीही ती ते हातभर लांब धरून वाचते. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा सुटला की पहिलं पुस्तक नाकाशी नेणारी ही बाई!

आणि तिच्या कविता? त्या तिनं कधी लिहून ठेवल्याच नाहीत. फळ्यावर लिहायची, पुसायची. सगळ्या पाठ आहेत त्या मला. शाळेत असताना शिकलेल्या कविताही मला अजून चालीसकट येतात, भाजी निवडताना मी त्या म्हणत असतो. पण आता वय झालं. परवा दोन कडव्यांची अदलाबदल झाली आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. विमलनं स्वयंपाकघरातून सुधारलं. त्या दिवशी मनाशी ठरवलं. या कविता छापायला हव्यात, माझ्याबरोबर त्या जायला नकोत. पण छापून उपयोग काय, जिच्या आहेत तिलाच त्या जवळ धरता येणार नसतील तर?

अशात पुतण्यानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. भिवंडीजवळच्या काल्हेरची दर्शना नावाची एक मुलगी फुलापानांपासून छपाईची शाई बनवते. रॉकेल नाही, पेट्रोलियमचं तेल नाही. नाव ऐकूनच मी उठून बसलो. काल्हेर! फोन केला तर म्हणाली, "काका, दसरा होऊन जाऊ दे. मग या. तेव्हाच माझा माल येतो."

विमलची धाकटी बहीण सोबतीला येऊन राहिली आणि मी निघालो.

नाशिकहून भिवंडीला जायला एसटी बरी. पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, फक्त आधार कार्ड हाताशी ठेवा. कंडक्टर चेहरा पाहून विश्वास ठेवत नाहीत, हा मी माझ्या तारुण्याचा सन्मान समजतो. डाव्या बाजूची खिडकी धरा. कसाऱ्याचा घाट ऑक्टोबरात अजून हिरवा असतो, पण हिरव्याच्या कडा पिवळ्या पडायला लागलेल्या असतात. घाट उतरल्यावर गाडी थांबली तिथे वडापाव खाल्ला. चटणी झणझणीत, चहा मात्र नुसता गोड. शहापूर, पडघा मागे पडलं आणि मग गोदामं सुरू झाली. पूर्वी इथं भातशेती होती हे मी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, अभी भी है. पीछे है." आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

भिवंडी स्टँडवरून अंजूरफाट्याला शेअर रिक्षा आणि तिथून दुसरी काल्हेरला. सुटे पैसे ठेवा, तोंडावर रुमाल ठेवा. रस्त्याचं काम चालूच आहे. ते केव्हा संपणार हे रिक्षावाल्याला विचारलं तर तो नुसता हसला. ट्रकांच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही, कारण एकूणएक ट्रकला झेंडूच्या माळा होत्या. सुकत आलेल्या, पण होत्या.

दर्शनाचा माल तोच. दसऱ्याला इथं माग पुजतात, ट्रक पुजतात, गोदामांच्या शटरला तोरणं लागतात. आणि मग त्या माळा खाडीत जातात. दर्शना दसऱ्यानंतर टेम्पो घेऊन फिरते आणि त्या गोळा करते. तिच्या सासरची जमीन होती, तिथं आता गोदामं आहेत. शेवटच्या गोदामामागे पत्र्याची एक शेड, तिच्यासमोर उघड्यावर चुली आणि शेजारी झेंडूचा माणसापेक्षा उंच ढीग. ढिगाशी तिची सासू पाकळ्या तोडत बसली होती. भारी नऊवारी, गळ्यात ठसठशीत सोनं.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "नाशिकवरून आलाव? शाईसाठी? तिकडं दुकानं न्हाय का?"

"आहेत, पण ही नाही मिळत."

"ही मिळायची बी न्हाय. गोडाऊनचं भाडं घरबसल्या येतंय, तरी आमचे सुनेला फुलं शिजवायचीत. बीएस्सी करून चूलच फुकतंय!"

"आई, तुम्हाला कुणी बसवलंय इथं?" आतून दर्शनाचा आवाज.

"मला टीव्हीचा कटाळा आलाय, म्हनून बसलंय. तुझेसाठी न्हाय!"

दोघीही हसल्या. मग माझ्याही मांडीवर फुलांचं एक टोपलं आलं.

आता शाईचं सांगतो, ज्यांना करून बघायची आहे त्यांच्यासाठी. पाकळ्या पाण्यात उकळून गाळायच्या. त्या पिवळ्या पाण्यात तुरटी विरघळवायची आणि वरून धुण्याच्या सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं. फेस वर चढतो, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस बसला की रंग गाळासारखा तळाशी जातो. तो फडक्यातून गाळून, वाळवून, कुटून वस्त्रगाळ करायचा. ही झाली पिवळी भुकटी.

काळ्याची गंमत वेगळी, ती भिवंडीतच सुचावी अशी. भंगारात गेलेल्या मागांचे गंजलेले तुकडे, गूळ आणि पाणी एका पिंपात पंधरवडाभर मुरत ठेवतात. (वास येतो. खोटं कशाला सांगू.) दुसरीकडे हिरड्याचा काढा. दर्शनानं माझ्या हातात पळी दिली. "काका, तुम्ही घाला." मी पिंपातलं फिकट पाणी काढ्यात ओतलं आणि डोळ्यांदेखत तो मातकट काढा काळाभोर झाला. शाळेतला नुकता सारवलेला फळा असतो ना, तसा. मी कितीतरी वेळ त्या पातेल्यात बघत राहिलो. ज्या मागांनी विमलचा आवाज दाबला त्यांच्यातलाच एखादा त्या पिंपात नसेल कशावरून? असलं काही मनात आलं की मी बोलून दाखवत नाही, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही.

हाही गाळ वाळवायचा. मग जवसाचं तेल मंद आचेवर, उघड्यावर, मधासारखं दाट होईपर्यंत शिजवायचं आणि भुकटी त्यात जाड काचेवर घोटायची. काळेपणा कमी पडला तर दिव्याची काजळी. घोटणं फार लागतं. माझा खांदा दोन दिवस बोलत होता. अर्थात माझ्यासाठी लागणाऱ्या भुकट्या दर्शनानं आधीच्या मालातून तयार ठेवल्या होत्या, नाहीतर मी अजून तिथंच असतो.

"काकूंना चालेल याची खात्री मी देत नाही हं," ती म्हणाली. "जवसालाही वास असतो. प्रत्येकाचा दमा वेगळा."

"डॉक्टरही तेच म्हणाले. थोडंसं लांबून सुरुवात करा म्हणाले."

"आणि पिवळा उन्हात उडतो. आणि ही शाई वाळायला वेळ घेते. आठवडा दोरीवर. हे नीट ऐकलंत ना?"

मी मान डोलावली. आम्ही पोस्टातली माणसं सूचना फार आदरानं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी छपाई नारपोलीत होती. कापडाच्या गठ्ठ्यांवरची लेबलं छापणाऱ्या अन्वरभाईंकडे पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र आहे. कवितांचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, मी आधीच करून घेतले होते. अन्वरभाई माझ्याच वयाचे. त्यांनी शाईचा डबा उघडला, बोट बुडवलं आणि दर्शनाकडे बघितलं.

"बेटी, ये स्याही है या काढा?"

"चाचा, पहले रोलर साफ करो. घासलेट की बू बिलकुल नहीं चाहिए."

"चालीस साल की बू है, एक दिन में जाएगी?"

"जाएगी. चाची को बोलूं क्या, आप आज भी बीड़ी पी रहे थे?"

रोलर साफ झाले. गोडं तेल, लाकडाचा भुसा, साबण, पुन्हा तेल. अन्वरभाई कुरकुरत होते आणि पुसत होते. मला विचारलं, "किसके लिए इतना?" मी म्हटलं, "बायकोसाठी." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि नवा फडका काढला.

दुपारी एक-एक पान निघायला लागलं. हातकागदावर काळी अक्षरं आणि कोपऱ्यात झेंडूच्या रंगाचा धोटा. अन्वरभाईंना मराठी वाचता येतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पान उचललं, ओठ हलवत वाचलं आणि त्यांचा पाय आपोआप यंत्राच्या पायडलवर ठेका धरू लागला. "ये तो लूम पे बैठता है!" ते म्हणाले. बाहेर माग चालूच होते. मी मोठ्यानं म्हणायला लागलो, अगदी चालीत. लेबलं न्यायला आलेली दोन माणसं दारात थबकली. मला थांबावंसं वाटेना. विमल आत्ता इथं असती तर, असं वाटलं आणि लगेच, ती इथं असती तर तिला श्वास घेता आला नसता, हेही.

संध्याकाळी शाळा शोधायला गेलो. शाळा नाही, पोस्टही हललंय. तिथं आता खाली मोबाइलची दुकानं आणि वर घरं आहेत. माझी खिडकी जिथं होती तिथं एक मुलगा फोनला काच चिकटवत होता. काय हवंय म्हणून त्यानं विचारलं. मी एक काच चिकटवून घेतली. गरज नव्हती.

पानं दर्शनाच्या शेडमध्ये दोरीवर टांगून मी पुढचा दिवस गणेशपुरीला काढला. भिवंडीहून वज्रेश्वरीमार्गे एसटी आहे. गाड्या वेळेवर असतीलच असं नाही, तेव्हा केळी-बिस्किटं जवळ असू द्यावीत. भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते, जेवण साधं आणि गरम. कुंडाच्या कढत पाण्यात पहाटे पाय सोडून बसलो. खांदा मोकळा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात होता आणि त्याचा वास. विमलला हा वास चालतो. फोन करून मी तिला म्हटलं, "भात पिकलाय." ती म्हणाली, "मग मला का सांगताय, कापायला घ्या."

इतका हसलो, आणि मग मला राहवेना. एक आठवडा कसला थांबायचा? मेहुणी परवा जाणार. पानं तयार आहेत. मी परत काल्हेर गाठलं.

"काका, ओली आहेत," दर्शना म्हणाली. "बोट लावून बघा."

"बोटाला काही लागत नाही."

"वरून नाही लागणार. दोरीवरच राहू द्या. एकच ताव जास्तीचा आहे माझ्याकडे, बाकी सगळं हे."

"जन्मभर पार्सलं बांधली आहेत मी. काचेची बरणी काश्मीरला पाठवलीय, तडा गेला नाही."

"बरणी वेगळी हो."

"नेऊ दे गो," सासू म्हणाली. "घराची वढ लागलीय त्यांना."

आणि मी पार्सल बांधलं. काय सांगू, देखणं झालं होतं! पानावर पान काटेकोर जुळवलेलं, वर-खाली पुठ्ठा, भोवती सुतळी उभी-आडवी करकचून. स्टँडवर अवेळी पावसाची सर आली, म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी, तीही घट्ट. मग ते पार्सल मांडीवर घेऊन नाशिकपर्यंत आलो. घाटात डुलकी लागली तेव्हाही दोन्ही हात त्याच्यावर होते.

घरी विमल गॅलरीत बसली होती. तिचा दम्याचा फवारा मी हाताशी ठेवला, मेहुणीला तयार राहायला सांगितलं आणि सुतळी सोडली.

पानं सुटेनात. हलकेच सोडवली. प्रत्येक पानाच्या पाठीवर खालच्या पानातली उलटी अक्षरं उमटली होती आणि पुढची अक्षरं फरफटली होती. झेंडूचा धोटा सगळीकडे पसरून हळद सांडल्यासारखा दिसत होता. एकही ओळ धड नव्हती. एकही.

मी खाली बसलो. विमलनं हात पुढे केला, "द्या इकडं." मी म्हटलं, "नको, काही राहिलं नाही." तिनं पान घेतलं. हातभर लांब धरलं. मग थोडं जवळ. मग आणखी. मेहुणीनं फवारा उचलला. विमलनं पान नाकाला लावलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. खोकला आला नाही.

"जवसाची चटणी केलीय कुणीतरी," ती म्हणाली.

ते फरफटलेलं पान तिनं संध्याकाळपर्यंत मांडीवर ठेवलं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती नुसती बोटानं ओळी चाचपत होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. कित्येक वर्षांत पहिल्यांदा नवं छापलेलं पान तिच्याजवळ होतं आणि त्यातली अक्षरंच मी प्रेमानं आवळून मारली होती.

दर्शनाला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी ओरडली, मग हसली, मग म्हणाली, "वास चालला ना? मग अर्धं काम झालं." मागून सासूचा आवाज आला, "त्यांना बोल, पार्सल लई भारी बांधलं व्हतं!"

काय मिळालं या प्रवासात? खर्च फारसा नाही. रिक्षा, खोली आणि जेवण यांत भागतं, शाई आणि छपाईचं काय ते वेगळं. भिवंडी बघायला म्हणून जाऊ नका, तिथं कुणाला तरी भेटायला जा. दसऱ्यानंतर गेलात तर झेंडू तोडायला बसा. आणि ओली पानं बांधू नका. एवढं लिहून हा मजकूर संपवणार होतो. गेले काही दिवस तो असाच पडून होता, कारण शेवटाला काय लिहावं ते सुचत नव्हतं. विमल गॅलरीत बसते, मी भाजी निवडताना कविता म्हणतो, ती तिथूनच चुका काढते. सगळं पहिल्यासारखं चाललंय आणि पहिल्यासारखं काही वाटत नाही.

आज सकाळी बेल वाजली. दूधवाला येऊन गेला होता, पेपर आमच्याकडे येत नाही. दार उघडलं तर एक धिप्पाड माणूस. मिशा पिकलेल्या, केस ओले, अंगात घडीचा पांढरा सदरा. दोन्ही हातांवर एक रुंद फळी ताटासारखी आडवी धरलेली, तिच्यावर मलमलीचं फडकं. मी त्याला ओळखत नव्हतो.

"दर्शनाताईंचे गोडाऊनला माल उतरवायला गेलतो," तो हळू आवाजात म्हणाला. "शेडमध्ये ह्यातलं एक पान टांगलेलं दिसलं. मी उभाच राहिलो. ताईंना बोललो, हे कोनी लिवलं ते मला ठाऊक हाय. मग त्यांनी परत छापून घेतली. पूर्ण वाळलीत. नाशिकची ट्रिप मी मागून घेतली." आणि मग घाईघाईनं, "ट्रक लांब लावलाय. डिझेलचा वास नको म्हनून आंघोळ करून आलोय, साबन बी बिनवासाचा."

मी बाजूला झालो, पण तो उंबरठ्याच्या आत येईना. माझ्या खांद्यावरून तो गॅलरीकडे बघत होता. विमल तिथून उठून भिंतीला धरत धरत येत होती. त्यानं मान खाली घातली.

"बाई, आत येऊ?"

विमल त्याच्याकडे बघत राहिली. ओळख पटेना तिला. मग तिनं तिच्या जुन्या आवाजात विचारलं, "कुठल्या बाकावर बसायचास रे?"

"बाकं कुठं व्हती बाई," तो म्हणाला. "तरटावर. तुमचे टेबलाला पाठ लावून."

विमलनं भिंतीवरचा हात काढला आणि पदर सारखा केला.

"तरट नाही रे आता माझ्याकडे," ती म्हणाली. "खुर्चीवर बस."